लूप ४७५ वर ट्यून झाला, पण घरघर हटेना (मुक्काम फैजपूर)

केळीबाग | गुरुवार, रात्री १०.४८

राम राम मंडळी.

इथे मिडीयम वेव्हचे डीएक्सिंगवालेही (दूरची स्टेशनं पकडणारे) आहेत आणि परवानाधारक हॅमही (हौशी रेडिओवाले), म्हणून इथेच विचारतो. ६३० मीटरचा बँड, म्हणजे ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ, नुसता ऐकायचा आहे. पाठवायचं काही नाही. आधी बागेतून लांब वायर टाकून पाहिली. तिच्यावर स्टेशनं कमी आणि करकर जास्त, म्हणून लूपकडे, म्हणजे चौकटीवर तार गुंडाळलेल्या अँटेनाकडे, वळलो.

फ्रेम सागाच्या दोन पट्ट्यांची, फुलीसारखी. चौकोनाची बाजू १ मीटर. त्यावर ८ वेढे, दोन वेढ्यांत १ सेंटिमीटर अंतर. तार सबमर्सिबल मोटरची आहे, वाइंडिंगवाल्याकडून किलोवर आणली. तिच्यावर प्लॅस्टिकचं पाणीरोधक आवरण असतं, त्यामुळे फ्रेम पावसाळ्यात बाहेर राहिली तरी चिंता नाही. आपल्याकडे गावोगाव वाइंडिंगची दुकानं आहेत, ही एक चैनच म्हणायची. गँग (ट्यूनिंगचा फिरता कंडेन्सर) एका जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला, दोन्ही सेक्शन पॅरलल केलेत, मिळून हजार पिकोफॅरडच्या आसपास. आतल्या बाजूने एक स्वतंत्र पूर्ण वेढा घेतला आणि त्यातून कोॲक्स (आतून जाळी असलेली केबल) घरात एसडीआरकडे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या रिसीव्हरकडे) नेली.

६४८ किलोहर्ट्झवर आकाशवाणी इंदूर धडाक्यात. रात्री ५८५ ला नागपूरही. पण गँग बंद करत ४७५ ला आलं की दोन त्रास. एक, पीक (सिग्नलचं शिखर) आहे पण बसकं, इकडेतिकडे ४०-५० किलोहर्ट्झ पसरलेलं. दोन, एक सततची घरघर. फ्रेम फिरवून इंदूर पार बुडवता येतं, ही घरघर मात्र कुठल्याच बाजूला पुरती बुडत नाही.

गँग बदलू? वेढे वाढवू? की ४७५ चा नाद सोडू?

पांझराकाठ | गुरुवार, रात्री ११.०५

भाऊ, आते केळी सोडीसन तारा गुंडाळी राह्यना का? 😄

पण फ्रेमचा फोटो टाक. सागाची फुली ऐकूनच हेवा वाटला. आमच्याकडे धुळ्यात पीव्हीसी पाइपाची केली होती, ती मे महिन्यात गच्चीवर अशी वाकली की चौकोनाचा पतंग झाला.

ओहमताई | शुक्रवार, सकाळी ७.१५

गँग बदलू नका, वेढेही वाढवू नका. आकडे मांडून बघू या.

१ मीटर बाजू, ८ वेढे, १ सेंटिमीटर अंतर या मापाला इंडक्टन्स साधारण १७० मायक्रोहेन्री निघतो. त्यावरून लागणारी कपॅसिटन्स अशी: ९६३ ला, जिथे आपलं जळगाव, १६० पिकोफॅरड. ६४८ ला ३५५. ५८५ ला ४४०. ४७५ ला सुमारे ६६५. तुमचा गँग हजारापर्यंत जातो म्हणजे जागा भरपूर आहे. या ओळखीच्या स्टेशनांच्या खुणा गँगच्या तबकडीवर पेन्सिलीने करून ठेवा. तबकडीवर पिकोफॅरड मोजून घेतलेले असतील तर दोन स्टेशनांच्या फरकावरून वेढ्यांची आपसातली कपॅसिटन्सही काढता येते. माझ्या या आकड्यांत ती धरलेली आहे.

बसक्या पीकचा दोष त्या पूर्ण वेढ्याचा. ४७५ ला तुमच्या कॉइलचा रिॲक्टन्स सुमारे ५०० ओहम. १ मिलिमीटर तार धरली तर करंट तिच्या फक्त वरच्या ०.१ मिलिमीटर थरातून वाहतो, तरी ३२ मीटरचा विरोध जेमतेम २ ओहम भरतो. म्हणजे नुसत्या कॉइलचा क्यू (ट्यूनिंगच्या टोकदारपणाचा आकडा) कागदावर २५० होतो, प्रत्यक्षात वेढे शेजारी शेजारी असल्याने थोडा कमी. आता ५० ओहमचा रिसीव्हर पूर्ण आकाराच्या वेढ्यातून जोडला की कॉइलमध्ये आणखी ५० ओहमच्या घरातला विरोध घातल्यासारखं होतं. ५०० भागिले ५२. क्यू दहावर आला. ४७५ ला दहाने भागा, तुम्हाला दिसलेले ४०-५० किलोहर्ट्झ तिथेच सापडतील.

उपाय: पूर्ण वेढा काढून टाका. त्याऐवजी २५-३० सेंटिमीटर बाजूचा एकच छोटा वेढा फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात, मुख्य तारांजवळ, पुढेमागे सरकवता येईल असा बसवा. जवळ आणला की सिग्नल वाढतो आणि पीक रुंद होतं. लांब नेला की पीक टोकदार, पण सिग्नल उतरतो. आवाज पुरेसा आणि पीक टोकदार अशी मधली जागा कानानेच सापडते. क्यू १२० च्या आसपास राहिला तर रुंदी ४ किलोहर्ट्झ. मग अख्खा बँड एका जागी बसणार नाही, थोडं थोडं ट्यून करत जावं लागेल. तसंच असायला हवं.

गिरणाखोरं | शुक्रवार, सकाळी ९.३०

ताईंच्या पोस्टला जोडून दोन कामाच्या गोष्टी.

४७२ पासून ४७९ पर्यंत जायला या लूपला अवघे २० पिकोफॅरड पुरतात. हजाराचा गँग हाताने एवढासा फिरवणं म्हणजे डोकेदुखी. मुख्य गँग ४७९ च्या जरा वर उभा करून ठेव आणि त्याला पॅरलल एक लहान हवेचा ट्रिमर किंवा एफएम रेडिओतला छोटा गँग लाव. सगळी बारीक ट्यूनिंग त्यावर. दांडा प्लॅस्टिकचा कर, नाहीतर हात जवळ नेला की पीक सरकतं आणि हात काढला की परत जातं.

दुसरं म्हणजे गँगच्या पात्यांतली धूळ. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत बारीक तंतू उडून पात्यांत बसतात आणि फिरवताना खरखर येते. मऊ ब्रश आणि सायकलचा पंप. तेल अजिबात नको.

आणि फिक्स कंडेन्सर जोडायची वेळ आली तर पॉलिस्टायरीन, मायका किंवा एनपी-झिरो सिरॅमिक घे. साध्या सिरॅमिक डिस्कवर ट्यून केलेला लूप दुपारच्या ४४ डिग्रीत एकीकडे असतो आणि पहाटे भलतीकडे.

केळीबाग | शुक्रवार, रात्री ११.२०

ताई, मानलं. पूर्ण वेढा काढला, कोपऱ्यात छोटा बसवला. नॅनोव्हीएनएला (अँटेना तपासायच्या छोट्या यंत्राला) एक सुटा वेढा जोडून फ्रेमपाशी धरला तर खड्डा सुरीने कापल्यासारखा दिसतोय. छोटा गँगही लावला. ४७५ चं पीक आता खरंच पीक आहे.

आणखी एक फायदा ध्यानात आला. माझा एसडीआर डायरेक्ट सॅम्पलिंगवर चालतो (मधलं ट्यूनिंग वगळून सिग्नल थेट मोजतो), त्यामुळे आधी मिडीयम वेव्हची जोरदार स्टेशनं भुतासारखी कुठेही उगवायची. लूप टोकदार झाल्यावर ती बरीचशी गेली.

घरघर मात्र आहेच. उलट आता स्वच्छ ऐकू येते! 😅

वेव्हट्रॅप_आप्पा | शनिवार, सकाळी ६.१०

केळीबाग, घरघर घरघर म्हणून भागणार नाही. वॉटरफॉलवर (एसडीआरच्या स्क्रीनवरच्या सरकत्या आलेखावर) ती दिसते कशी, ते सांग. एकच उभी रेघ आहे की पट्टा? रात्रंदिवस आहे की येते-जाते? थ्री फेज गेल्यावर काही फरक पडतो का? तुझ्या घराजवळून टॉवर लाइन गेलीय का, आणि कुठल्या दिशेला?

केळीबाग | शनिवार, दुपारी १.४०

आप्पा, तुम्ही विचारल्यावर नीट पाहिलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४७० च्या अलीकडे ३-४ किलोहर्ट्झ रुंदीचा एक पट्टा, त्यात एक ठळक रेघ. तो रात्रंदिवस जागचा हलत नाही, शेतीची लाइट गेली तरी तसाच. दुसरी म्हणजे सगळीकडे पसरलेली करकर, तिच्यात १००-१०० हर्ट्झवर बारीक दाते दिसतात. ती थ्री फेज असली की असते.

टॉवर लाइन आहे. घराच्या उत्तरेला, अर्ध्या किलोमीटरच्या आत, पूर्व-पश्चिम जाते.

वेव्हट्रॅप_आप्पा | शनिवार, रात्री ८.३५

आता बोलता येईल. नोकरीतली बरीच वर्षं माझी सबस्टेशनांत गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तो न हलणारा पट्टा बहुतेक पॉवर लाइन कॅरिअर, आमच्या भाषेत पीएलसीसी. उच्चदाबाच्या लाइनवरून विजेसोबत सबस्टेशनांचे आपसातले फोन, टेलिमेट्री आणि प्रोटेक्शनचे सिग्नलही जातात. ते ढोबळमानाने ४० ते ५०० किलोहर्ट्झमध्ये, ४-४ किलोहर्ट्झच्या चॅनेलांत. तू सांगितलेली रुंदी त्यात बरोबर बसते. ठळक रेघ म्हणजे पायलट टोन, चॅनेल चालू असल्याची सततची खूण. सबस्टेशनात लाइन जिथे आत शिरते तिथे पिंपाएवढं जाळीदार गुंडाळं टांगलेलं किंवा उभं केलेलं दिसतं ना, तो वेव्ह ट्रॅप. कॅरिअर यार्डात न जाता लाइनवरच राहावा म्हणून तो असतो. लाइनवरच राहतो म्हणजे तुझ्या बागेवरून जातो. बऱ्याच ठिकाणी हे काम आता अर्थवायरच्या आतल्या फायबरवर गेलंय, पण सगळीकडे नाही. आणि ध्यानात ठेव, हा बिघाड नाही. त्यांची यंत्रणा तिचं नेमून दिलेलं काम करतेय. तक्रार करायची बाब नाही, टाळायची आहे.

टाळायचा कसा? इथे एक गंमत आहे, भले भले फसतात. स्टेशन बुडवायचं असेल तर आपण फ्रेमचं तोंड स्टेशनाकडे करतो, म्हणजे फ्रेमची पातळी (चौकोनाचं सपाट प्रतल) त्या दिशेला आडवी. तुझ्याकडून इंदूर जवळपास उत्तरेला आणि नागपूर पूर्वेला. फ्रेमची पातळी पूर्व-पश्चिम केली की इंदूर बुडतं आणि नागपूर वर येतं. बरोबर?

लाइनही उत्तरेला. म्हणून तू तिच्याकडेही तसंच तोंड करत असशील. पण कॅरिअर लाइनवरून तुझ्याकडे येत नाही, लाइनच्या लांबीने पुढे जातो. त्याचं चुंबकीय क्षेत्र तारांना वळसा घालून असतं, आणि आपल्या काळ्या जमिनीपाशी ते तारांना काटकोनात, आडवं पडतं. फ्रेम लाइनला समांतर धरलीस की ते क्षेत्र थेट फ्रेमच्या आरपार जातं, म्हणजे जास्तीत जास्त घरघर. नेहमीचा नियम इथे ९० अंशांनी उलटा. फ्रेमची पातळी उत्तर-दक्षिण कर, लाइनला काटकोनात.

तरीही पुरती बुडणार नाही. घरातलं वायरिंग, पंपाची केबल, कुंपणाची तार, सगळ्यांत तोच कॅरिअर थोडा थोडा शिरतो आणि क्षेत्र तिरकस होतं. म्हणून फ्रेम नुसती फिरवायची नाही, कलंडवायचीही. ५-१० अंश एका बाजूला झुकवून बघ, मग दुसऱ्या बाजूला. खाली लोखंडी बिजागरी नको, लाकडी खुंटी कर.

सातपुडा_डोंगररांग | शनिवार, रात्री ९.०२

आप्पा 🙏 हे मी प्रिंट काढून लूपवर चिकटवणार आहे.

ओहमताई | रविवार, सकाळी ८.२०

आप्पांचं पूर्ण पटलं. एक पुरवणी. नल (सिग्नल बुडतो ती दिशा) उथळ राहण्याचं आणखी एक कारण कोॲक्स असते. कोॲक्सची जाळी स्वतःच उभ्या अँटेनासारखी काम करते आणि कुठल्या दिशेने किती ऐकू येतं याचा लूपचा आठच्या आकाराचा नकाशा बिघडवते. छोटा वेढा मुख्य कॉइलपासून वेगळा आहे ते उत्तमच, पण त्याची कुठली बाजू फ्रेमशी किंवा गँगच्या बॉडीशी जोडलेली नाही ना, तपासा. शिवाय कोॲक्सला लूपपाशीच एक चोक (जाळीवरचा करंट अडवणारं गुंडाळं). एवढ्या खालच्या फ्रिक्वेन्सीला क्लिपचा फेराइट मणी काही कामाचा नाही. जुन्या कॉम्प्युटर सप्लायच्या लाइन फिल्टरमधला टोरॉइड (फेराइटची कडी) काढा आणि त्यावर बारीक कोॲक्सचे १५-२० वेढे घ्या.

नल तपासायचा तो दुपारी, इंदूरवर. रात्री आयनोस्फिअरवरून येणारा सिग्नल वरून आणि वाकडातिकडा येतो. तेव्हा चांगल्या लूपचाही नल उथळ वाटतो आणि माणूस विनाकारण फ्रेम उकलायला बसतो.

केळीवाला_रावेर | रविवार, सकाळी ११.४५

१०० हर्ट्झच्या दात्यांबद्दल. आमच्या शिवारात मी खिशातला मिडीयम वेव्ह रेडिओ ५३० च्या खाली लावून बांधाबांधाने फिरलो होतो. गोंगाट करणारी मंडळी ठरलेली: पंपाच्या पेटीतला ऑटो स्विच, स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इंटरनेटवाल्याच्या डबीचा अडॅप्टर, घरचा इन्व्हर्टर. सोलर पंपाचा कंट्रोलर सगळ्यांत मोठ्याने ओरडतो, पण सूर्य मावळला की झोपतो, म्हणून रात्री ऐकणाऱ्याला त्याचा त्रास नाही. डीपीवरचा चिनीमातीचा इन्सुलेटर धुळीने माखला की त्याची वेगळीच चरचर असते. ती पहिल्या जोरदार पावसानंतर आपोआप कमी होते.

शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तुझी करकर त्या वेळापत्रकाने चालते का बघ. तसं असेल तर पंपाच्या पेटीपासून सुरुवात कर.

पांझराकाठ | रविवार, दुपारी १२.१०

म्हणजे ऐकायचं तर दिवसा थ्री फेजच्या आठवड्यात, रात्री, थंडीत, फ्रेम कलंडवून. यापेक्षा भागवत सप्ताह सोपा.

केळीबाग | रविवार, रात्री ११.५५

करून पाहिलं सगळं.

फ्रेमची पातळी उत्तर-दक्षिण केली. पट्टा धाडकन उतरला. मग वरचं टोक हळूहळू पश्चिमेकडे झुकवत नेलं तर एका जागी पायलटची रेघ वॉटरफॉलवरून जवळजवळ पुसली गेली. जागा फार नाजूक आहे, बोटभर हललं की रेघ परत. फ्रेमखाली लाकडी खुंटी आणि पाचर ठोकलीय. टोरॉइडचा चोक लावल्यावर दुपारी इंदूरचा नलही आधीपेक्षा बराच खोल गेला.

करकर पंपाच्या पेटीतूनच होती. पेटीचा मेन स्विच पाडला की दाते गायब. ऐकायचं तेव्हा तो पाडून ठेवतो, ठिबकची पाळी नसेल तेव्हा.

आता अडचण अशी की या जागी फ्रेम उत्तर-दक्षिण ऐकते. पूर्व-पश्चिम बुडालं.

वेव्हट्रॅप_आप्पा | सोमवार, सकाळी ६.०५

बुडणारच. एका लूपमध्ये सगळं मिळत नाही. उत्तरेला मध्य आशिया आणि रशिया आहेत, दक्षिणेला श्रीलंका, तेही कमी नाही. पूर्व-पश्चिम हवंच असेल तर फ्रेम फिरवू नको, हलव. बागेच्या दक्षिण टोकाला ने. लाइनचं क्षेत्र अंतराने झपाट्याने उतरतं, दूरच्या स्टेशनाला तुझ्या शंभर-दोनशे मीटरने काही फरक पडत नाही. घरातल्या वायरिंगपासूनही सुटशील. कोॲक्स लांबली तरी इतक्या खाली तिचा तोटा नगण्य आहे.

गिरणाखोरं | सोमवार, सकाळी १०.१५

बागेच्या टोकाला नेणार असशील तर वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की कोॲक्स रिसीव्हरपासून काढून बाहेर टाकून ठेव. तसंही जूनपासून परतीच्या पावसापर्यंत या बँडवर विजांचा कडकडाटच ऐकू येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम.

नवा_रिसीव्हर | सोमवार, दुपारी ४.३०

शहाद्याहून वाचतोय. भाबडा प्रश्न: याच लूपमधून ६३० मीटरवर पाठवता येईल का? एखादा वॉट तरी?

ओहमताई | सोमवार, रात्री ९.४०

भाबडा नाही. आधी परवाना: तुमच्या लायसन्सच्या परिशिष्टात जे बँड छापलेत तेवढेच आपले. भारतातल्या हॅमना बरीच वर्षं ओळखीचा सगळ्यांत खालचा बँड १८२० ते १८६० किलोहर्ट्झचा होता. ४७२-४७९ चा बँड २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशींना मिळाला आणि १३६ च्या आसपासचा २००७ च्या. पण परिषदेत मिळाला म्हणजे आपल्या लायसन्सवर आपोआप येत नाही.

आता भौतिकशास्त्र. १ मीटर बाजूच्या एका वेढ्याचा ४७५ वर रेडिएशन रेझिस्टन्स सुमारे ०.२ मायक्रोओहम. ८ वेढ्यांचा त्याच्या ६४ पट, तरी १३ मायक्रोओहम. तारेचा विरोध २ ओहम. म्हणजे घातलेल्या प्रत्येक वॉटमागे काही मायक्रोवॉट हवेत आणि बाकी सगळी तार तापवण्यात. ऐकताना हे चालतं, कारण इथे बाहेरचा गोंगाट आधीच इतका जास्त असतो की सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी झाले तरी बिघडत नाही. म्हणून पाठवणारे या बँडवर उंच उभी तार, वर टोपीसारख्या आडव्या तारा आणि खाली भलीमोठी लोडिंग कॉइल वापरतात.

सातपुडा_डोंगररांग | सोमवार, रात्री १०.२५

आणि ऐकायचं काय ते कोणी बोललंच नाही! डब्ल्यूएसपीआरसाठी (अगदी क्षीण सिग्नलांची डिजिटल पद्धत) रिसीव्हर ४७४.२ वर, अप्पर साइडबँड. कानाला काही ऐकू येणार नाही, सॉफ्टवेअर दोन-दोन मिनिटांचे तुकडे उलगडतं. कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून ठेव, सेकंदभर इकडेतिकडे चालतं, जास्त नाही. एफएसटी४डब्ल्यू नावाचा प्रकार खास या खालच्या बँडांसाठीच केलाय, तोही लावून बघ.

आणि अगदी तळाला जायचं असेल तर १८.२ किलोहर्ट्झला आपल्या नौदलाचं तिरुनेलवेलीजवळचं केंद्र. तुझी फ्रेम उत्तर-दक्षिण आहेच. त्याला ट्यूनिंगही नको, जास्त वेढ्यांचा लूप, एक प्रीॲम्प आणि साउंडकार्ड पुरतं.

केळीबाग | मंगळवार, रात्री १०.३०

फ्रेम दक्षिण टोकाला हलवली. पट्टा आता न कलंडवताही गोंगाटाच्या पातळीला टेकलाय, म्हणजे फ्रेम मोकळेपणी फिरवता येते. काल रात्री ५८५ आणि ६४८ दोन्ही एकमेकांना काटकोनात बुडवून पाहिले, मजा आली. डब्ल्यूएसपीआर लावून ठेवलंय.

आता १३७ किलोहर्ट्झचा किडा डोक्यात शिरलाय. याच फ्रेमवर जमेल का?

ओहमताई | मंगळवार, रात्री ११.१०

८ वेढ्यांवर जमेल, पण ८००० पिकोफॅरड लागतील. त्यापेक्षा दुसरी फ्रेम करा, २० वेढे, अंतर तेच. इंडक्टन्स ७७० मायक्रोहेन्रीच्या आसपास येईल आणि कपॅसिटन्स १७५० लागेल: एक १००० चा पॉलिस्टायरीन फिक्स आणि वर तुमचा गँग. बँड १३५.७ ते १३७.८, आणि क्यू १०० असेल तर पीकची रुंदी १.४ किलोहर्ट्झ, म्हणून इथे तर हात ट्रिमरवरच ठेवावा लागेल. छोटा वेढा सरकता ठेवा, त्याची जागा या फ्रेमपेक्षा वेगळी येणार. आणि आप्पांचा पट्टा इथेही भेटेल, कॅरिअर ४० पासूनच सुरू होतात.

केळीबाग | मंगळवार, रात्री ११.१८

ताई, तार किती सांगू? वाइंडिंगवाला मीटरवर देत नाही.

ओहमताई | मंगळवार, रात्री ११.३१

८० मीटर. १ मिलिमीटरचं तांबं ५६० ग्रॅम भरतं. आवरण आणि टोकं धरून पाऊण किलो मागा.